मेंदूतल्या स्टेम सेल्सना ऑर्डर कोण देतं? प्रोटीनच्या मेसेजची गोष्ट, सोप्या भाषेत



दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'मूलपेशी' हा शब्द तुम्ही वाचला असेल. त्यालाच स्टेम सेल म्हणतात. स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करू शकते आणि वेळ आली की वेगळ्या प्रकारची पेशीही बनू शकते, ती मूलपेशी. एवढं बहुतेकांना आठवतं. पण परीक्षेत सहसा न येणारा एक प्रश्न आहे, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कधी वाढायचं, कधी थांबायचं आणि काय बनायचं, हे त्या पेशीला सांगतं कोण?

आज आपण मेंदूतल्या मूलपेशी घेऊन याचं उत्तर बघू. थोडक्यात सांगायचं तर बहुतेक वेळा शेजारच्या पेशी सांगतात, आणि सांगण्यासाठी त्या प्रोटीन बाहेर सोडतात. हे एकदा नीट कळलं की 'स्टेम सेल थेरपी'च्या रील्स आणि जाहिरातींकडे बघायची नजर बदलते. त्याबद्दल शेवटी बोलूच.

मेंदूत मूलपेशी असतात कुठे?

बराच काळ असं मानलं जायचं की मोठ्या झालेल्या प्राण्याच्या मेंदूत नवीन न्यूरॉन तयार होत नाहीत. १९६० च्या दशकात जोसेफ ऑल्टमन यांनी अमेरिकेत उंदरांवर काम करून याच्या उलट पुरावे मांडले, पण तेव्हा त्यांच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे पुरावे वाढत गेले. आज आपल्याला माहीत आहे की मोठ्या उंदराच्या मेंदूत मुख्यतः दोन ठिकाणी मूलपेशी असतात. पहिलं ठिकाण म्हणजे मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या ज्या पोकळ्या असतात, त्यांच्या भिंतीलगतचा भाग. दुसरं म्हणजे हिप्पोकॅम्पस. नवीन आठवणी तयार करण्यात याच भागाचा मोठा वाटा असतो.

माणसांचं काय? इथे जोरदार वाद झाला. १९९८ साली माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नवीन न्यूरॉन सापडल्याचा अभ्यास आला. २०१३ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी एक भन्नाट युक्ती वापरली. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेला कार्बन-१४ आपल्या पेशींच्या डीएनएतही शिरतो, त्यावरून पेशीचं वय काढता येतं. त्यांचा हिशोब निघाला प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसाला साधारण ७०० नवीन न्यूरॉन. २०१८ साली एका गटाने सांगितलं की मोठ्या माणसांत असे नवीन न्यूरॉन दिसतच नाहीत, आणि त्याच वर्षी दुसऱ्या गटाने सांगितलं की म्हातारपणीही दिसतात! २०२५ मध्ये स्वीडनमधूनच आलेल्या एका अभ्यासात मोठ्या माणसांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये विभाजन होणाऱ्या पूर्वज पेशी सापडल्या. त्यांचं प्रमाण मात्र माणसामाणसात बरंच वेगळं होतं.

म्हणून पुढे मी जे प्रयोग सांगणार आहे ते बहुतेक उंदरांवरचे आहेत, हे लक्षात असू द्या.

प्रोटीनचा मेसेज जातो कसा?

पेशीच्या आत हजारो प्रकारची प्रोटीन बनतात. बरीचशी आतल्याच कामाला लागतात. काहींना मात्र बाहेर जायचं असतं. अशा प्रोटीनच्या सुरुवातीला साधारणपणे एक छोटा तुकडा जोडलेला असतो, कुरिअरच्या पाकिटावर चिकटवलेल्या पत्त्यासारखा. तो पत्ता वाचून पेशी त्या प्रोटीनला बाहेर जाणाऱ्या मार्गाला लावते. या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना १९९९ सालचं नोबेल मिळालं. पुढे ते प्रोटीन एका बारीक पिशवीत भरलं जातं, पिशवी पेशीच्या कडेला जाऊन चिकटते आणि प्रोटीन बाहेर पडतं. याला म्हणतात स्रावित प्रोटीन.

आता हे प्रोटीन आजूबाजूला पसरतं. ज्या पेशीवर त्याला बसेल असा रिसेप्टर असतो, तिलाच मेसेज मिळतो. रिसेप्टरला प्रोटीन चिकटलं की पेशीच्या आत एकामागून एक बदल होत जातात, आणि शेवटी केंद्रकातली काही जनुकं चालू होतात, काही बंद.

इथे एक गोष्ट नीट बघा. मेसेज तोच असला तरी वाचणारी पेशी कोणती आणि ती कुठल्या अवस्थेत आहे, यावर परिणाम ठरतो. फॅमिली ग्रुपवर आईचा 'जेवण तयार आहे' असा मेसेज येतो. घरात असलेला भाऊ ताट घ्यायला उठतो, ऑफिसातले बाबा नुसता अंगठा पाठवतात. तसंच काहीसं.

पिल्लांचे डोळे लवकर उघडले, आणि नोबेल मिळालं

अशा मेसेजचा शोध लागण्यामागे रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांचं नाव आधी घ्यायला हवं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इटलीत ज्यू लोकांना विद्यापीठात काम करायला बंदी होती. या बाईंनी घरातल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर काम चालू ठेवलं. युद्धानंतर अमेरिकेत त्यांनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी मिळून न्यूरॉनच्या वाढीला लागणारं प्रोटीन शोधलं. त्याचं नाव एनजीएफ.

कोहेन यांना त्याच कामात एक विचित्र गोष्ट दिसली. उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला की त्यांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडायचे. एनजीएफने हे होत नव्हतं, म्हणजे अर्कात आणखी काहीतरी होतं. ते दुसरं प्रोटीन म्हणजे ईजीएफ. दोघांना १९८६ सालचं नोबेल मिळालं.

आता मेंदूकडे परत येऊ. १९९२ साली कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात ब्रेंट रेनॉल्ड्स आणि सॅम्युएल वाइस यांनी मोठ्या उंदराच्या मेंदूतल्या पेशी सुट्या केल्या आणि बशीत ठेवून त्यांना हेच ईजीएफ दिलं. बऱ्याचशा पेशी मेल्या, पण थोड्या पेशी विभाजित होत गेल्या आणि त्यांचे तरंगणारे गोळे तयार झाले. या गोळ्यांना पुढे न्यूरोस्फिअर नाव पडलं. त्या गोळ्यांतल्या पेशींपासून न्यूरॉनही तयार झाले आणि न्यूरॉनला सांभाळणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशीही.

म्हणजे मोठ्या मेंदूत ताकद दडलेली होती, योग्य मेसेज मिळाल्यावर ती बाहेर आली. मग साहजिक प्रश्न येतो. ताकद आहे, तर मेंदू सगळीकडे भराभर नवीन न्यूरॉन का बनवत नाही?

कारण बरेच मेसेज 'थांब' सांगणारे असतात

वाढीच्या मेसेजइतकेच महत्त्वाचे असतात थांबवणारे मेसेज. यातलं एक ठळक कुटुंब म्हणजे बीएमपी. याची पहिली ओळख हाड तयार करणारं प्रोटीन अशी झाली, पण शरीरात ते इतरही पुष्कळ कामं करतं.

गर्भात काय होतं बघा. अगदी सुरुवातीच्या गर्भाच्या बाहेरच्या थरातल्या पेशींना बीएमपीचा मेसेज मिळाला तर त्या त्वचेकडे वळतात. तो मेसेज अडवला गेला तर त्याच पेशी मज्जासंस्थेकडे वळतात. अडवण्याचं काम करणारं एक प्रोटीन १९९२ साली बेडकाच्या गर्भात सापडलं. ते जास्त दिलं की गर्भाचं डोकं भलतंच मोठं व्हायचं, म्हणून त्याला नाव दिलं नॉगिन. इंग्रजी बोलीत डोक्याला नॉगिन म्हणतात. हे नॉगिनसुद्धा पेशीने बाहेर सोडलेलं प्रोटीनच आहे. ते बीएमपीला रिसेप्टरपर्यंत पोचण्याआधीच पकडून ठेवतं. आपल्या मेंदूची सुरुवातच एक मेसेज ब्लॉक करून होते, असं म्हटलं तरी चालेल.

मोठ्या मेंदूतही हीच जोडी काम करते. पोकळ्यांच्या भिंतीलगत बीएमपीचा मेसेज मूलपेशींच्या पिढीला न्यूरॉन बनू देत नाही. तिथल्याच शेजारी पेशी नॉगिन सोडतात आणि न्यूरॉन तयार व्हायला जागा मिळते. हे काम २००० साली प्रसिद्ध झालं.

आता तुम्हाला वाटेल, मग सरळ ब्रेकच काढून टाकू, भरपूर न्यूरॉन मिळतील! हा प्रयोगही झाला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधला बीएमपीचा मेसेज अडवला. सुरुवातीला झोपलेल्या मूलपेशी जाग्या झाल्या आणि नवीन न्यूरॉन वाढले. पण काही काळाने मूलपेशींचा साठाच आटला आणि नवीन न्यूरॉन कमी झाले. एफडी मोडली की महिनाभर खिसा गरम असतो, पुढच्या वर्षीचं व्याज मात्र बंद होतं. तसाच प्रकार. 'थांब' हा मेसेज तो साठा सांभाळत होता.

शेजाऱ्यांचं ऐकणं: डब्ल्यूएनटीची गोष्ट

हिप्पोकॅम्पसमध्ये ॲस्ट्रोसाइट पेशी डब्ल्यूएनटी-३ नावाचं प्रोटीन सोडतात. ते मूलपेशींना न्यूरॉन बनायच्या वाटेवर ढकलतं, हे २००५ साली समोर आलं. डब्ल्यूएनटी कुटुंबातल्या प्रोटीनला चरबीचा एक तुकडा चिकटलेला असतो. त्यामुळे ती पाण्यात सहज विरघळून लांब जात नाहीत, मेसेज बहुतेक जवळच्या जवळच राहतो. म्हणून मूलपेशी कुणाच्या शेजारी आहे, याला एवढं महत्त्व.

इथेही ब्रेक आहेच. त्याच भागातले न्यूरॉन एसएफआरपी-३ नावाचं प्रोटीन सोडतात, आणि ते डब्ल्यूएनटीला अडवतं. २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं की उंदराच्या मेंदूतल्या त्या भागात हालचाल वाढली की या ब्रेकचं प्रमाण घटतं आणि नवीन न्यूरॉनची वाढ सुधारते. मेंदूचा वापर किती होतो, याची खबर अशी प्रोटीनमार्फत मूलपेशींपर्यंत पोचते.

काही मेसेज शरीरातून रक्तावाटेही येतात. पिंजऱ्यात पळायला चाक दिलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जास्त नवीन न्यूरॉन दिसतात, हे १९९९ मध्ये दाखवलं गेलं. पुढच्या प्रयोगांत कळलं की रक्तातल्या आयजीएफ-१ या प्रोटीनला मेंदूत शिरण्यापासून अडवलं तर व्यायामाचा हा फायदा मिळत नाही.

मग प्रोटीन पावडर घेतली तर?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच सांगतो. नाही, त्याने हे मेसेज जात नाहीत. खाल्लेलं प्रोटीन पोटात आणि आतड्यात तुटून त्याचे अमिनो आम्लांचे तुकडे होतात. छापलेलं पत्र फाडून त्याची अक्षरं वेगळी केल्यासारखं. त्या तुकड्यांपासून शरीर हवी ती प्रोटीन बनवतं, पण मेंदूतल्या कुठल्या पेशीने कधी काय सोडायचं हे डब्यावर लिहिलेलं नसतं. 'ब्रेन सेल वाढवणारं प्रोटीन' असं लिहिलेली पावडर दिसली तर पैसे खिशातच ठेवा.

सॉनिक गेममधला, आणि मेंदूतलाही

मज्जासंस्था घडवणाऱ्या एका प्रोटीनचं नाव आहे सॉनिक हेजहॉग. होय, सेगा कंपनीच्या व्हिडिओ गेममधला तोच निळा सॉनिक! १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी गंमत म्हणून हे नाव ठेवलं आणि ते टिकलं.

गर्भात मज्जारज्जू तयार होताना हे प्रोटीन पोटाकडच्या बाजूने सोडलं जातं. उगमाजवळच्या पेशींना ते जास्त मिळतं, लांबच्यांना कमी. किती मिळालं यावर ठरतं की पेशी स्नायू हलवणारा न्यूरॉन होणार की दुसरा कुठला. एकाच मेसेजचा आवाज लहानमोठा करून वेगवेगळ्या सूचना दिल्या जातात.

हा मेसेज पोचलाच नाही तर? १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात मेंढ्यांना एका डोळ्याची कोकरं होऊ लागली. तपासाअंती कळलं की गाभण मेंढ्या एक रानटी वनस्पती खात होत्या. त्यातल्या विषारी द्रव्याला सायक्लोपामिन नाव मिळालं, आणि पुढे उलगडलं की ते सॉनिक हेजहॉगचा मेसेज पेशीच्या आत जाण्याआधीच तोडतं.

आणि मेसेज थांबलाच नाही तर? लहान मेंदूत हेच प्रोटीन पूर्वज पेशींना वाढायला सांगतं. तो मार्ग बिघडून कायम चालू राहिला, तर त्यातून लहान मुलांमध्ये मेड्युलोब्लास्टोमा या कॅन्सरचा एक प्रकार होतो. कमी पडलं तरी धोका, जास्त झालं तरी धोका.

आता त्या जाहिरातींकडे वळू

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, पॅरालिसिस, पार्किन्सन्स... 'स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, मेंदू स्वतःला दुरुस्त करेल', अशा रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. खाली एखाद्या आईचा 'फी किती?' असा प्रश्न असतो. मला सगळ्यात जास्त त्रास त्या कमेंटचा होतो. कारण आतापर्यंत आपण जे पाहिलं त्यानुसार, नुसती पेशी टोचणं म्हणजे मेसेज कोण देणार याचा विचार न करता कामगार पाठवून देणं.

याचं एक खरं उदाहरण वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेलं आहे. ॲटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया हा आनुवंशिक आजार असलेल्या एका इस्रायली मुलाला मॉस्कोला नेऊन गर्भातून घेतलेल्या मज्जासंस्थेच्या मूलपेशी अनेकदा टोचल्या गेल्या. पहिल्या उपचारानंतर चार वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी दिसल्या. मणक्यातली गाठ काढून तपासली, तर त्यातल्या पेशी त्या मुलाच्या नव्हत्याच. त्या किमान दोन दात्यांकडून आलेल्या होत्या. हा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला.

मग स्टेम सेलवरचं संशोधन सगळं खोटं का? अजिबात नाही. एप्रिल २०२५ मध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांवरच्या दोन छोट्या चाचण्यांचे निकाल 'नेचर'मध्ये आले, एक जपानमधल्या क्योटोची आणि दुसरी उत्तर अमेरिकेतली. क्योटोच्या चाचणीत ७ रुग्णांच्या मेंदूत पेशी सोडल्या होत्या, दुसरीत १२. अशा कामात मूलपेशी थेट डोक्यात सोडत नाहीत. आधी प्रयोगशाळेत बीएमपीसारखे मेसेज अडवून आणि सॉनिक हेजहॉग व डब्ल्यूएनटीचे मार्ग चालू करून त्यांना डोपामिन बनवणाऱ्या न्यूरॉनच्या वाटेवर आणतात. गर्भातला मेसेजचा क्रम बशीत पुन्हा घडवायचा. या चाचण्या मुख्यतः सुरक्षितता तपासण्यासाठी होत्या आणि त्यात पेशींपासून गाठी झाल्याचं दिसलं नाही. हा उपचार सर्वांसाठी तयार आहे, असा दावा मात्र यावरून करता येत नाही.

भारतात आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं मूलपेशींचं प्रत्यारोपण, ज्याला आपण बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो, ते सोडलं तर इतर आजारांत रुग्णाला मूलपेशी देणं फक्त मंजुरी असलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच चालतं.

म्हणून घरात कुणी अशी जाहिरात दाखवली तर चिडू नका, हे प्रश्न विचारायला मदत करा:

१. हा मंजूर ट्रायल आहे का? असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक द्या. ही नोंदणी मोबाइलवर फुकट तपासता येते.

२. ट्रायल असेल तर आमच्याकडून फी का? संशोधनात भाग घेणाऱ्याकडून संशोधनाचा खर्च घ्यायचा नसतो.

३. पेशी कुणाच्या, कुठून घेतलेल्या, आणि टोचण्याआधी त्यांना कशात बदललं आहे?

४. आत गेल्यावर त्यांनी काय बनावं आणि कधी थांबावं, हे त्यांना कोण सांगणार?

चौथ्या प्रश्नाला 'पेशी हुशार असतात, त्यांना सगळं कळतं' असं उत्तर मिळालं तर तिथून उठायला हरकत नाही. पेशीला आपोआप कळत नाही. तिला सांगावं लागतं, योग्य जागी, योग्य वेळी आणि मोजून.

हा लेख एखाद्याच्या कामी येईल असं वाटलं तर फॅमिली ग्रुपवर जरूर पाठवा. काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा, मी उत्तर देईन.